कोणी कोणाला टाकलं

दमयंती : ‘गेली गं बाई गेली, भरला संसार मागं राहिला, उंबऱ्याबाहेर तिनं आपला दिवस पाहिला!’ आठवतो का रे सखाराम हा आवाज? मांडवीच्या तंबूत पडद्याशेजारी वेताची छडी घेऊन उभा असायचा तुझा बाप. सिनेमा विलायती, बोलणं विलायती, आणि समजावून सांगायला महिपतकाकांची ओवी. नऊ वर्षांची होते मी, अजून कानात आहे. त्या माणसाचा मुलगा तू, आणि काल काय केलंस?

सखाराम : दमूताई, आधी बसा तरी. मालनलाही उभी ठेवलीत.

मालन : मी बरी आहे, काका.

दमयंती : बसायला नाही आले मी. काल याच शाळेच्या हॉलमध्ये, अख्ख्या फिल्म सोसायटीसमोर, तीन रिळांच्या सिनेमाची दोन रिळं दाखवलीस आणि म्हणालास, मशीनचा दिवा उडाला.

सखाराम : उडतो ओ कधी कधी.

दमयंती : आणि आज सकाळी तोच दिवा लावून पडद्यावर उजेड पाडलायस! रात्रीत काढा पाजलास की काय त्याला?

सखाराम : दुपारच्या एसटीनं रिळं मुंबईला परत जायचीत. तपासून द्यावी लागतात.

दमयंती : बरं, उडाला तर उडाला, गप्प बसायचंस. शेवट तोंडानं सांगायची हौस कुणाला आली? ‘मग ती पस्तावली, नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तिथंच प्राण सोडला.’ कुठल्या कीर्तनातनं उचललास? अरे, ती बाई त्याच्या तोंडावर सिगरेटचा धूर सोडून जाते! मुंबईला शिक्षकीची बी. टी. करत होते तेव्हा दोनदा पाहिलाय मी. काल उठून सांगणार, तर लोक चपला शोधायला लागलेले.

सखाराम : हळू बोला. हेडमास्तर पलीकडे आहेत. हॉल त्यांचा आहे. गेल्या महिन्यातला तो खुनाचा सिनेमा बघून मला म्हणाले, सभासद घरच्या बायकांना घेऊन येतात, त्यांना शिकवताय काय तुम्ही?

दमयंती : त्यात तर बाई मेली ना शेवटी? तरी ह्यांचं पोट भरलं नाही? आणि काय सिनेमा होता तो! खिडकीच्या पट्ट्यांतनं उजेड आलेला, तिच्या तोंडावर जसे गज ओढलेत कोणी. ही मरणार, हे सुरुवातीलाच कळतं. पण मरेपर्यंत पडदा तिचा. पुरुष सगळे आपले टोप्या घालून पावसात उभे!

सखाराम : ते खरं. काळोख काय सुंदर होता ओ त्यात.

दमयंती : काळोखावर पाघळू नकोस. कालचा त्याच्याही आधीचा. चौतीस सालापासनं तिकडे अमेरिकेत सेन्सॉरची कडक कात्री लागली, चुकलेल्या बाईला शिक्षा झाल्याशिवाय सिनेमा संपवायचा नाही म्हणून. त्याच्या आधीची थोडी वर्षं मोकळी गेली, तेव्हाची ही बाई. चुकते, हसते, आणि सकाळी उठून आपल्या वाटेनं जाते. तिकडची कात्री तिला सापडली नाही रे. पन्नास वर्षांनी रत्नागिरीत तुझ्या हातची लागली!

सखाराम : तुम्ही एक सिनेमा बघता, मला सोसायटी चालवायचीय. हॉल गेला तर काय मांडवीच्या वाळूत पडदा लावू?

दमयंती : तुझ्या बापानं वाळूतच लावला होता. तेव्हा बायका पोरं काखेत घेऊन बघायच्या. कोणाचा संसार बुडाला?

सखाराम : बुडाले असतील. आपल्याला कोण येऊन सांगतंय?

दमयंती : आणि मधे मराठीत समजावताना काय बोललास? ती मैत्रिणीला सांगते, ‘मी त्याला सोडून आले,’ आणि तू खुशाल म्हणतोस, ‘नवऱ्यानं टाकलेली बाई’! कोणी कोणाला टाकलं?

सखाराम : मग काय म्हणू? शब्द द्या ना तुम्ही, शाळेत भाषा शिकवलीत जन्मभर. पुरुष बायको टाकतो. टाकलेली म्हटलं की म्हातारीलाही कळतं. बाईनं नवरा टाकला म्हणून बघा, लोक खो खो हसतात. घरी म्हणून बघितलं मी. आमची ही हसली, तिची आई हसली. तोंडात बसतच नाय तो शब्द.

दमयंती : तोंडात बसत नाही म्हणून गोष्ट उलटी करायची?

सखाराम : एका शब्दासाठी केवढं भांडता ओ!

दमयंती : शब्दासाठी भांडत नाहीये मी. ही बघ, भावाची मुलगी माझी. दिवाळीपासनं माहेरी आहे. नवऱ्यानं घराबाहेर काढली, आणि उद्या आमचे राजारामदादा हिला घेऊन चिपळूणला निघालेत. का, तर जावयाचे पाय धरायला! काल मी हिला मुद्दाम आणली. म्हटलं, एकदा तरी बघू दे, बाई दाराबाहेर पडते आणि आभाळ कोसळत नाही. आणि तू तिच्या तोंडावर काय फेकलंस? पाया पड आणि मर!

सखाराम : दमूताई, उगाच मला...

दमयंती : घरी जाताना दादा हिला काय म्हणाला ठाऊक आहे? ‘बघितलंस ना? गोऱ्यांच्यातही हेच.’

सखाराम : राजारामदादांनीच सांगितलेलं मला.

दमयंती : काय?

सखाराम : परवा बाजारात भेटले. म्हणाले, ‘मालन येणाराय, दमूच्या हट्टापायी. शेवट जरा सांभाळून घे. मुलीचं घर उभं राहील, पुण्य लागेल तुला.’ आता सांगा. तुमचा थोरला भाऊ, हात धरून बोलतोय. मी काय करणार?

दमयंती : पुण्य! एका बाईला पडद्यावर मारायची, दुसरीला घरात, आणि पुण्य वाटून घ्यायचं दोघांनी! माझा भाऊ झाला म्हणून काय झालं? सिनेमाही ह्यांनीच संपवायचा, मुलीचं आयुष्यही ह्यांनीच! तूही ऐकून घेतेस ना गं, मालन? तू बोल की काहीतरी. तुला काढणारा तो, आणि माफी मागायची तू?

मालन : काका, तिसरं रीळ आहे ना इथं?

सखाराम : आहे. मशीनवरच आहे.

मालन : लावता?

सखाराम : हेडमास्तर...

दमयंती : हेडमास्तरांना मी बघून घेते. ते सहावीत होते तेव्हा माझ्याच वर्गात होते. खिडक्या लाव.

(खिडक्या लागतात. मशीनची घरघर सुरू होते. पडद्यावर जिना, आणि जिन्यावर एक बाई.)

दमयंती : बघ. नवरा वर उभा आहे, कठड्याला धरून. म्हणतोय, ‘दाराबाहेर पाऊल टाकलंस तर परत घेणार नाही.’

मालन : ती काय म्हणाली?

दमयंती : म्हणाली, ‘किल्ली टेबलावर ठेवलीय.’ बस, एवढंच. हा बघ धूर! आता उतरते. चाल बघ कशी आहे. पाठीमागे तो केवढासा होत चाललाय बघ.

सखाराम : सावली बघा ओ तिची. तिच्या आधी खाली पोचते.

दमयंती : आता कौतुक सुचतंय!

मालन : ती रडत नाही.

दमयंती : नाही. का रडेल?

मालन : रडली नाही तर कोणाला खरं वाटत नाही, आत्ये. मी आले तेव्हा बाबांनी दारातच विचारलं, ‘काढलं ना त्यानं तुला?’ मी खाली बघितलं. आईनं रडायला घेतलं. मग तेच ठरलं.

दमयंती : म्हणजे? सखाराम, बंद कर ते.

मालन : नको काका, चालू दे. उद्या मी जाणार नाही चिपळूणला.

दमयंती : मालन, त्यानं तुला काढलं नाही?

मालन : ते जेवायला बसले होते. मी भात वाढला, वर आमटी घातली, आणि चपला घालून निघाले.