कॅनमधलं बिसी पानी

माजं माहेर नातेपुत्याचं, तितं घरात समदी मराठीच, आन् दिली कुटं तर मैंदर्गीला, जितं सासू, शेजारीण, म्हशीला हाक सुदिक कानडीतनं. काय सांगू तुमाला, पयली दोन वर्सं मी नुसती मान हालवायची, कुनी रागवलं तरी हासायची. मालक हितं सोलापुरात गिरणीत, आठवड्यातनं एकदा यायचे. घरात सासूबाई, मी आन् माजी सव्वा वर्साची लेक.

त्या साली दुष्काळ पडला. हिरी आटल्या, टँकर दोन दिसाआड यायचा. मालकांनी सोलापुरातनं प्लास्टिकचा पांढरा कॅन आनला, नवाकोरा, गावात कुनाकडं नव्हता तसला. मग काय, रांजण सोडून मी कॅनच भरला, आन् ठिवला कुटं, तर अंगणात, भर उनात, लोकास्नी दिसावा म्हनून. येडीच की मी.

दुसऱ्या दिशी दुपारी लेक अंगानं तापली, पानी पानी करून रडाय लागली. टोपण काढलं तर नव्या चपलंचा वास. सासूबाईंनी पेला वटाला लावला आन् झटकन मागं घेतला, बिसी बिसी म्हनल्या, कूसिगे बेड. कूस म्हंजी लेकरू, बेड म्हंजी नको, येवढं मला ठावं हुतं, पर बिसी मला ऐकू आलं विषी, म्हंजी पान्यात इख. वास तर येतच हुता. आन् सकाळपसनं मीच लेकीला त्यातलं पाजलेलं. उचलला कॅन आन् समदं पानी उकिरड्यावर वतलं.

एन माडदी, एन माडदी, काय केलंस गं, म्हनून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. शेजारणीला दोनी भाषा येत, ती पळत आली, म्हनली, अगं बाई, बिसी म्हंजी गरम, निववून पाज म्हनत्यात त्या. टँकर तर उद्या सकाळी. शेजारणीनंच तांब्याभर दिलं, ते घोट घोट लेकीला पाजलं, सासूबाईंनी सकाळपातुर थेंब घेतला न्हाय. मला लई लाज वाटली.

लेक बरी झाली. पर ती तापली कशानं, उनानं का त्या पान्यानं, मला अजून कळंना. कंपौंडर म्हनला, वासानं काय हुत न्हाय. गुरुजी म्हनले, तापल्या प्लास्टिकचं पान्यात उतरतं. मंग मी चुकले का बरं केलं, तुमीच सांगा.

शनिवारी मालक आले, कॅन रिकामा बघून इच्यारलं. सासूबाई कानडीतनं कायतरी बोलल्या आन् मालक मला एक शब्द बोलले न्हाय. मला वाटलं, माजीच तक्रार केली आसंल, लई दीस मनात अढी धरली मी. औंदा सासूबाई गेल्या, तवा मालकांनी सांगितलं, आई म्हनली हुती, पानी माज्या हातनं सांडलं, तिला बोलू नगंस.

आता आमी हितं सोलापुरातच ऱ्हातो, लेक शाळंत जाती, देवानं तिला सुखात ठिवावं. कानडी मला आता फाडफाड येती. पर जिच्याशी बोलायची ती न्हाय की.