जिजींनी रेखलेले डोळे

सांगा बरं, घरच्याच माणसाने रेखलेल्या देवीकडे तुम्हाला परक्यासारखं बघता येईल का?

आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या सुमाराची गोष्ट. श्रावणात कानबाई बसते, तेव्हा नारळालाच देवीचं तोंड करतात. आमच्या गल्लीत त्यावर काजळाने डोळे रेखायच्या जिजी. त्या डोळ्यांतली माया बघायला बहादरपूरहूनही बाया यायच्या. सिंधू ही जिजींची सून. खकनारला तिची आई अंथरुणाला खिळली होती, पण जिजी काही तिला माहेरी जाऊ देत नव्हत्या.

आरतीला सिंधू मान खाली घालून उभी होती. मी म्हटलं, "अगं, वर बघ तरी. कशी आईसारखी बघतेय!"

ती हळूच म्हणाली, "वहिनी, तुम्हाला आई दिसते. मला 'जायचं नाही' म्हणणाऱ्या सासूबाईच दिसतात."

मी पुन्हा बघितलं. डोळे तेच होते, पण आता माझ्याने त्यांच्याकडे बघवेना. जिजी आमच्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी आरतीचं ताट माझ्या हातात दिलं आणि त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तापीवर कानबाई बोळवली आणि तिथूनच जिजींनी सिंधूला खकनारच्या मोटारीत बसवून दिलं.