मुकं बटण

बसच्या रांगेत माझ्यापुढे एक नर्स आणि तिला सोडायला आलेला तिचा धाकटा भाऊ उभे होते. तिच्या हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर यानेच लिहिलेलं, हे मला त्यांच्या भांडणातूनच कळलं.

"इंजेक्शन द्यायचं बटण राखाडी. दाबलं तर ढिम्म."

"ताई, पेशंटचं वजन भरलेलं नसणार. वजनाशिवाय डोस देता येत नाही. नियमच आहे तसा."

"नियमाला कोण नावं ठेवतंय? मला ते सांगितलं कुणी?"

"बटणावर माउस नेला की कारण दिसतं. ते वाक्य मीच लिहिलंय."

"नेला ना. पुन्हा पुन्हा नेला. काही दिसलं नाही."

"हां, म्हणजे बटण बंद असलं की त्यावरची सूचनाही बंद असते. चालू झालं की दिसते."

"वरातीमागून घोडं. चालू झाल्यावर ती वाचून मी काय करू?"

"सगळीकडे तसंच असतं गं."

"पोर कळवळत होतं. त्याची आई विचारतेय, सिस्टर, का देत नाही? काय सांगू तिला? वजनकाटा माझ्या पायाशी होता रे. डॉक्टर येऊन वजन विचारेपर्यंत रडलं ते. तिला वाटलं, मीच अडून बसलेय."

"सोमवारी बघतो."

"बघ."

"बरं, उद्या आईकडे जेवायला येणार ना? वाट बघतेय ती."

"नाही."

"का?"

बस आली. ती चढली आणि खिडकीशी जाऊन बसली. तो खालून काचेवर टकटक करत राहिला.

"ताई, का ते तरी सांग."