कारळाच्या चटणीतली गोळी

नाही हो केशवराव, आज गोळ्या न्यायला नाही आले — विचारायला आले. ती कोलेस्टेरॉलची गोळी, दर महिन्याला तुमच्याकडून नेते ना — ती कुटून जेवणात घातली तर काही होतं का? कुणाच्या म्हणजे? आमच्या यांच्याच. हळू बोला, मागे लोक उभे आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली त्या दिवशीच हे म्हणाले, ‘इंग्रजी औषध नक्को, एकदा लागलं की जन्माचं.’ कुकटपल्लीच्या मित्रानं कसल्या आंबवलेल्या लाल तांदळाच्या कॅप्सूल दिल्या, त्या सुरू. यांचे थोरले भाऊ बावन्नाव्या वर्षी भरल्या ताटावर हार्ट अटॅकनं गेले, केशवराव — मीच वाढत होते. मग मी काय करायचं होतं? रोज एक गोळी कुटून कारळाच्या चटणीत घालायला लागले. आठ महिने. मिटक्या मारत खायचे! रिपोर्टातला आकडा खाली आला, तर कॅप्सूलची तारीफ सगळ्या चिक्कडपल्लीत —

मग मांड्या दुखायला लागल्या. जिना चढवेना. मला वाटलं, नसांत चरबी दाटली, म्हणून मी... हौ. दोन. दोन घालायला लागले, पंधरा दिवस. असं बघू नका हो माझ्याकडे. काल लघवी काळ्या चहासारखी झाली, ॲडमिट केलंय. डॉक्टरांनी विचारलं, ‘कोलेस्टेरॉलची गोळी घेता?’ हे म्हणाले, ‘एकही नाही.’ आणि मी खाटेच्या पायाशी उभी — तोंडच उघडलं नाही माझं. किडनीवर आलंय म्हणतात, कशानं ते कळत नाही म्हणतात.

काय? त्या कॅप्सूलमध्येही? त्याच जातीचं औषध? आणि जास्त झालं की आधी स्नायूंवर, मग किडनीवर जातं? म्हणजे आधीच दुप्पट — आणि वरून मी —

नाही, यांना नाही सांगायचं. अडतीस वर्षं माझ्या हातचं न बघता खाल्लंय माणसानं. आज सकाळीच दवाखान्यातली पेज सरकवून दिली, माझं नाव घेऊन म्हणाले, ‘राहू द्या, सुनंदा आणील घरून.’ ऐकताय ना? सुनंदा आणील म्हणाले.

मरतील? खरं सांगा, मरतील का हो? वेळ आहे अजून? डॉक्टरांना कळलं तर आहे? मग... फाइलवर नंबर आहे, हा बघा. तुम्ही नका लावू. द्या इकडे फोन, मी बोलते.

हॅलो? डॉक्टरसाहेब, मी बारा नंबरच्या पेशंटची बायको. काल हे ‘एकही नाही’ म्हणाले ना — ते खोटं नाही बोलले. त्यांना माहीत नाही.