गाडीच्या पोटाखालची प्लेट

उला : मी वाकून बघून आलेय, मामा. चालकाच्या पायाखालच्या प्लेटवर, आतून, जिथं रंग पोचला नाही तिथं तापवल्याचं निळं कडं आहे. गॅस मारलात ना?

गेरार्ड : आज संत फ्लोरियानचा, आपल्या भट्टीवाल्यांच्या संताचा दिवस, उला. फादर ह्या चिलखती गाडीवर पवित्र पाणी शिंपडायला निघालेत, आणि तू—

उला : मारलात?

गेरार्ड : वेल्डिंगनं वाकली होती. सरळ नको करायला?

उला : प्रेसवर दाबून. थंड.

गेरार्ड : प्रेसला रांग होती. उभी हयात मी ट्रकचे सांगाडे लालभडक करून सरळ केलेत. एक तरी मोडला?

उला : ते साधं पोलाद होतं. ह्यात चिमूटभर नायोबियम असतं. सगळी ताकद लाटतानाच बसवलेली, म्हणून एवढी पातळ प्लेट पुरते. लाल केली की गेली ती. खाली सुरुंग फुटला तर—

गेरार्ड : माहीत आहे मला.

उला : माहीत होतं?

गेरार्ड : प्लेट थंड होत होती तेव्हा आठवलं.

उला : आणि गप्प बसलात!

गेरार्ड : तू तपासणीचा शिक्का मारलास ना! म्हटलं, पोरीनं हार्डनेस, कडकपणा तपासला, पुरेसा भरला असेल. सुटलो. तपासलास ना?

उला : बाकीच्या प्लेटींचा.

गेरार्ड : आणि हिचा?

उला : ही तुमच्या हातची होती.

गेरार्ड : मग?

उला : मग काय. मामाचं काम काय तपासायचं.

(बाहेर आवारात बँड सुरू होतो.)

गेरार्ड : तुझी नोकरी जाईल गं.

उला : तुमचं नावसुद्धा.

यागोदा : इथं लपलात होय! मी सार्जंट यागोदा, ही गाडी मीच चालवणार. चला की, फादर आले. बाहेर आमच्या लोकांनी सॉसेजचा फडशा पाडलाय.

गेरार्ड : बाई, फादरना जरा थांबवता?

यागोदा : का हो?

उला : मी सांगते. शिक्का माझा आहे.

गेरार्ड : गॅस माझा होता. तू थांब.

यागोदा : गाडी ठीक आहे ना? आईला फोटोसुद्धा पाठवलाय मी. संध्याकाळी सीमेकडे निघतेय म्हणून.

गेरार्ड : आईला कळव, पोरी. आज नाही निघत तू.