पोळीशिवायचा डबा

— पोळी नको, भात नको, साखर तर नकोच! मग काय, नुसतं पनीर आणि लोणी भरू डब्यात? भरते की. बावीस वर्षं कोथरूडात डबे देतेय, लोकांनी काय काय सोडलेलं पाहिलंय. कीटो ना? माहितीये मला. आमच्या ओळखीतल्या एका बाईंचा मुलगा करायचा. केयूर. हिंजवडीत कंपनीत, पोट सुटलेलं, आणि बाराव्या वर्षापासून इन्सुलिन. तीन महिन्यांत अकरा किलो उतरला — काय देखणा दिसायला लागला हो! आई सोसायटीत फोटो दाखवत फिरायची. साखरेच्या मशीनवर आकडा छान येतो म्हणून त्यानं इन्सुलिन आपल्या मनानंच कमी केलं. डॉक्टर? विचारलंच नाही ना आधी. नंतर ते म्हणाले, काहींना मानवतं हे, पण देखरेखीखाली. तुमच्या मुलासारख्याला — म्हणजे त्या बाईंच्या — ताटात सगळं थोडं थोडं असलेलंच बरं.

एका रविवारी सकाळी उठला तो ओकायलाच लागला. तोंडाला वास, सडायला आलेल्या पेरूसारखा. साखर फार नव्हती, म्हणून आई निर्धास्त. पित्त म्हणाली. तो म्हणाला, "आई, मऊ भात दे गं, दोनच घास." तिनं दिला नाही. का म्हणजे? त्यानंच शपथ घातली होती — मी रडलो तरी द्यायचा नाहीस. भातानं वाचला नसता, ठाऊक आहे, डॉक्टरांनी दहादा सांगितलंय. रक्तात आम्ल झालं होतं, तडक दवाखान्यात न्यायला हवं होतं. आणि मी दुपारपर्यंत लिंबूपाणी पाजत बसले. बिनसाखरेचं. तो धापा टाकतोय, आणि मी म्हणतेय, "दम धर, इतकं केलंयस, एका दिवसात घालवू नकोस" —

हो. मीच. माझाच केयूर. सोमवारी गेला.

अजून भाताचा कुकर उघडला की तो पेरूचा वास येतो. कामाला तुळजाबाई आहेत, त्या म्हणतात, काही नाही हो ताई, भाताचाच वास. मला येतो. आत्ताही —

राहू दे. एक विचारते, रागावू नका. तुम्हाला औषध कुठलं चालू आहे? शुगरचं? आणि हे सगळं सोडताय ते डॉक्टरांना सांगितलंय?

गोळ्या चालू आहेत, बरं. आणि डॉक्टरांना?

नाही? मग उठा. आधी त्यांच्याकडे जा. उठा म्हणते ना!