आजपासून इवाई

मंगरूळपीरच्या स्टँडवर मानोऱ्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्या शीलाताईंनी मान वळवली नाही, पण कान मागच्या बाकाकडेच होते. तिथे लहानपणापासूनचे दोन दोस्त बसले होते, चंपत आणि सुखदेव. चंपतची पोरगी सुखदेवच्या पोराला द्यायचं सकाळीच ठरलं होतं, म्हणजे दोघं आता व्याही, तिकडच्या बोलीत इवाई, झाले होते.

“इवाई, तुमी पानी घेता काय?”

“चंप्या, मले तुमी काहून म्हनून राह्यला?”

“पोरीचा बाप हावो. अबे-तुबे केलं तं लोक नावं ठेवतीन.”

“कोनते लोक?”

“माही बायको, हौसाबाई. थे पाहा, पानपोईपाशी उभी हाये.”

“मागं भांडनात तू मले तुमी म्हनला, अन् वर्षभर बोलला नाही. आता तुमी आयकलं का थेच भांडन आठोते.”

“मंग काय करू, इवाई?”

“मी पोराचा बाप ना? माहा मान ठेवाचा ना?”

“हो जी.”

“मंग अबे म्हन. मोठ्यानं म्हन.”

“हौसाबाई पाहून राह्यली!”

“तं सोयरीक मोडली समज.”

तेवढ्यात गाडी लागली. शीलाताई पायरीवर चढल्या, तोच मागून अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असा आवाज आला.

“चढा ना बे, इवाईबुवा!”